चौथी ओळ

सोमवार, ६ जानेवारी

सकाळी टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या. तसा मेसेज ग्रुपवर टाकला. दुपारी आईला दवाखान्यात नेलं, बीपीची गोळी बदलून दिली. संध्याकाळी परत टेस्ट चालवल्या. हिरव्या.

कामाचं लिहून ठेवायला सुरुवात करतो आहे, कारण विचारायला आता घरात कुणी नाही. काही अडलं की आतल्या खोलीत जाऊन धाकट्या बहिणीला, चैतालीला विचारायचो. ती नोव्हेंबरात गेली. डेंग्यू.

आमची पुण्याची कंपनी एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट बनवते. लॅबच्या माणसाला त्यात पेशंटचा तक्ता दिसतो. पेशंट क्रमांक, नाव, तपासणी, तारीख, रिपोर्टची स्थिती. तक्ता बरोबर आहे का हे माणसानं रोज डोळ्यांनी बघू नये म्हणून चैतालीनं स्क्रिप्ट लिहिल्या. स्क्रिप्ट स्वतः ब्राउझर उघडते, लॉगिन करते, तक्त्यातली ठरलेली ओळ आणि ठरलेला रकाना गाठते आणि तिथं काय लिहिलंय ते वाचते. हवा तो शब्द असला तर हिरवं, नसला तर लाल. स्क्रिप्ट तिच्या, चालवायचं काम माझं. पूर्वी मी परंड्यातच कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचो. ती बंद पडल्यावर चैतालीनं आमच्या टीमच्या प्रमुख शिवप्रिया मॅडमना सांगून मला कंपनीत घ्यायला लावलं; दोघंही घरूनच काम करायचो.

गुरुवार, ९ जानेवारी

मीटिंग झाली. शिवप्रिया मॅडम म्हणाल्या, चैतालीच्या जागी सिद्धलिंग येतोय, दुसऱ्या टीममधून. त्यानं हे काम स्वतःहून मागून घेतलं म्हणे. माणूस जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि हा जागा मागायला आला.

पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "टेबलच्या स्क्रिप्ट परत लिहाव्या लागतील. त्यात ओळीचा नंबर पक्का टाकलाय. चौथी ओळ, पाचवा रकाना."

मी म्हटलं, "सगळ्या हिरव्या आहेत."

"हिरव्या आहेत हीच तर अडचण आहे, दादा."

कुणीतरी हसलं. कोण ते दिसलं नाही. आणि मी याचा दादा कधीपासून झालो. दादा मला एकच माणूस म्हणायचं.

मॅडमनी तारीख दिली. एकतीसला लॅबवाल्यांना डेमो आहे. तोपर्यंत टेबलच्या स्क्रिप्ट भरवशाच्या आहेत हे दिसलं नाही तर त्या काढून टाकायच्या आणि नव्यानं लिहायच्या. तिच्या हाताचं एवढंच काम उरलंय. बाकीचं आधीच कुणी कुणी बदलून टाकलं.

सोमवार, १३ जानेवारी

सिद्धलिंगचा फोन आला. चौथीच ओळ का, असं विचारत होता. मी म्हटलं, तुला कशाला पाहिजे.

तो म्हणाला, "रेशनकार्डावर आहेत तशी नावं आहेत ना? तात्या, आई, तुम्ही, मग ती."

बरोबर आहे ते. टेस्टसाठी खोटे पेशंट लागतात. चैतालीनं आम्हालाच भरलं. पहिल्या ओळीत वडील तात्याराव, दुसऱ्या ओळीत आई चांगुणा, तिसऱ्या ओळीत मी, चौथ्या ओळीत चैताली. चौघांचेही रिपोर्ट तयार. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, कुठलीही नावं टाक की. ती म्हणाली, हीच पाठ आहेत, चौथी मी, शोधायला लागत नाही. आमच्या घरात कुठलाही कागद भरताना हाच क्रम असतो. त्यात तिला काही चुकीचं वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही.

पण रेशनकार्डाचं याला कुणी सांगितलं? ऑफिसातल्या कुणाशी फोनवर बोलली असेल. घरातलं बाहेर सांगायची तिची सवय नव्हती.

बुधवार, १५ जानेवारी

मॅडमचा मेल. टेस्टमध्ये खऱ्या माणसांची नावं ठेवायची नाहीत, असा कंपनीचा नियम झालाय. एकतीसच्या आत आमच्या चारही ओळी पुसायच्या.

मी फोन केला. सहसा मी फोन करत नाही.

"मॅडम, ही नावं आमच्या घरची आहेत. आमची हरकत नाही."

"बुद्धघोष, नियम सगळ्यांना आहे. माझ्या मुलाचं नाव होतं दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, ते मी काढलं."

"तुमचा मुलगा आहे ना घरात?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घाई करू नका. मी एकतीसपर्यंत कुणालाही हात लावू देत नाही. पण शेवटी करावं लागेल."

गोड बोलून काम काढायची रीत आहे ही. आधी तिच्या स्क्रिप्ट काढणार, मग तिचं नाव, मग मला.

मी ओट्यावर येऊन बसलो. तात्या एसटीत कंडक्टर होते, त्यांना मोठ्यानं बोलायची सवय आहे. म्हणाले, "कॉम्प्युटरशी भांडतोस का माणसाशी?"

"माणसांशी."

"मग समोरासमोर भांड. फोनवर भांडून कुणाचं काय वाकडं होत न्हाय."

रविवार, १९ जानेवारी

सिद्धलिंग घरी आला. चैतालीचा ऑफिसचा लॅपटॉप परत न्यायला. कुरिअरनं पाठवा म्हणाले असते तर पाठवला असता. पुण्याहून कुर्डुवाडी, तिथून एसटीनं परंडा, एका लॅपटॉपसाठी एवढं कोण करतं? मला गोड बोलून आपलंसं करून घ्यायचं असणार.

दारात चपला काढून म्हणाला, "जय भीम, आई." अडखळत म्हणाला, कुणीतरी पाठ करून दिल्यासारखं. आई म्हणाली, "ये सिद्धू." चैताली सगळ्यांची नावं अशी तोडायची, आईनं तेच उचललं असेल.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी चैतालीचा फोटो लावलाय. त्याच्यासमोर तो हात जोडून उभा राहिला आणि बाजूलाच होईना. मला बाहेर जायचं होतं, वाट अडली होती. शेवटी मी म्हटलं, "सरकता का जरा?" तेव्हा सरकला.

तात्यांना कुणी नवीन माणूस दिसला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. याला काहीच विचारलं नाही. शेजारी जागा करून दिली. आईनं त्याच्यासाठी वेगळी आमटी केली, कमी तिखटाची.

"खा पोटभर. वाळलास लई."

"जेवतोय की आई, रोज."

"व्हय, दिसतंय जेवलेलं."

लॅपटॉप मी पुसून, चार्जर गुंडाळून दिला. त्यानं तो उघडून बघितला नाही, चालू करून बघितला नाही. मांडीवर घेऊन बसला नुसता. कंपनीची वस्तू ताब्यात घेताना तपासून घ्यावी, एवढंही त्याला कळत नाही.

जाताना तात्या म्हणाले, त्याला गाडीवर स्टँडपर्यंत सोड. मी म्हटलं, गाडीत पेट्रोल नाही. पेट्रोल होतं.

मंगळवार, २१ जानेवारी

काल वेबसाइटवर नवा बदल चढला. लॅबवाल्यांना तक्त्यात नवीन नोंद सगळ्यांत वर पाहिजे होती, म्हणून आता क्रम उलटा झालाय. सिद्धलिंग आठवडाभर सांगत होता की क्रम बदलला की चैतालीच्या टेस्टवर विश्वास ठेवता येणार नाही.

सकाळी चालवल्या. एकही लाल नाही.

ग्रुपवर लिहिलं, "सर्व टेस्ट पास. ज्यांना स्वतःचं काम दाखवता येत नाही त्यांनी गेलेल्या माणसाच्या कामात खोट काढू नये." दोनदा वाचलं आणि पाठवलं. मॅडमनी अंगठ्याची खूणसुद्धा टाकली नाही. सिद्धलिंगनं वाचल्याची खूण दिसली.

बरं वाटलं. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजचं लिहायला नको वाटतं.

दुपारी कॉल होता. मॅडम, सिद्धलिंग आणि मी. सिद्धलिंग म्हणाला, मी एक दाखवतो, रागावू नका. त्यानं स्क्रीन दाखवली. आमचा तक्ता. त्यात त्यानं चैतालीच्या ओळीत रिपोर्टची स्थिती बदलली होती. "तयार" काढून "नमुना नाकारला" असं केलं होतं.

तिच्या नावापुढं "नाकारला".

तो म्हणत होता, "आता टेस्ट लाल व्हायला पाहिजे ना दादा? बघा, मी चालवतो." त्यानं चालवली. हिरवी झाली. तो पुढं काही समजावत होता, पण मला ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, "तिच्या नावावर असलं लिहायची हिंमत कशी झाली तुझी? तुझं कुणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं. तुझं काय गेलंय यात?"

त्याचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला, तोंड अर्धं उघडं. नेट अडकलं असावं. मग त्याचा कॅमेरा बंद झाला.

मॅडम म्हणाल्या, "बुद्धघोष, आज इथं थांबू."

"का थांबू? त्याला उत्तर देऊ द्या."

"तुम्हाला माहीत नाही तुम्ही कुणाशी बोलताय."

मी म्हटलं, "माझ्या बहिणीची जागा घेतलेल्या माणसाशी बोलतोय." आणि कॉल बंद केला. लॅबच्या लहानशा तक्त्यावरून एवढं होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

आईनं दारातून सगळं ऐकलं होतं. माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवलं आणि शेजारी गिरिजाबाईंकडे जाऊन बसली.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. तात्या एकटेच गेले, इस्त्रीचा शर्ट घालून.

आल्यावर म्हणाले, "तुझी आई दोन दिस बोलंना तुझ्याशी."

"मी काय केलं?"

"ते तूच बघ. मला विचारू नगंस."

मी ठरवलंय. मॅडमना पुरावा पाठवायचा. टेस्ट नेहमी आतल्या आत चालते, ब्राउझर दिसत नाही, फक्त शेवटी हिरवं किंवा लाल कळतं. ती दिसेल अशी चालवायची आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग करायचं. टेस्ट तक्त्यातल्या ज्या चौकोनात वाचते त्याला पिवळी चौकट करायची कोडची एक ओळ चैतालीनं मला शिकवली होती. ती टाकतो. म्हणजे टेस्ट चैतालीच्याच ओळीत वाचते आणि सिद्धलिंगनंच तक्त्यात काही गोंधळ करून ठेवलाय हे सगळ्यांना दिसेल. मग कोण कुणाच्या कामात खोट काढतं ते बघू.

सोमवार, २७ जानेवारी

चालवली. ब्राउझर उघडला, लॉगिन झालं, तक्ता आला. पिवळी चौकट उमटली.

तात्यांच्या ओळीत.

परत चालवली. परत तात्यांच्या ओळीत. मग मी बोटानं स्क्रीनवर ओळी मोजल्या, लहान मुलासारख्या. क्रम उलटा झाल्यापासून चैताली पहिल्या ओळीत आहे, मग मी, मग आई, आणि चौथ्या ओळीत तात्या. टेस्टला चौथी ओळ सांगितलेली, ती चौथ्या ओळीत गेली. तात्यांचा रिपोर्ट तयार आहे. म्हणून हिरवं.

सगळ्यांत वर चैताली होती. नमुना नाकारला. टेस्ट तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती. आणि मी रोज सकाळी सगळ्यांना कळवत होतो की सगळं ठीक आहे.

रेकॉर्डिंग कुणाला पाठवलं नाही.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे. दाखवायला त्याला दुसरं नाव घेता आलं असतं. माझं घ्यायचं होतं. माझ्या नावापुढं काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं.

गुरुवार, ३० जानेवारी

मीच सिद्धलिंगला फोन केला. माफी वगैरे मागितली नाही. म्हटलं, "ओळ कशी शोधायची ते सांग. स्क्रिप्ट काढायच्या नाहीत. आहेत त्याच दुरुस्त करायच्या."

तो म्हणाला, "मला पण तेच पाहिजे होतं, दादा. मी काढायला आलोच नव्हतो."

मग हे काम मागून कशाला घेतलं, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

त्याची पद्धत अशी. आधी तक्त्याच्या वरच्या पट्टीतली नावं वाचायची आणि "स्थिती" कितव्या रकान्यात आहे ते शोधायचं. मग एकेका ओळीतला पेशंट क्रमांक बघत जायचं आणि आपला क्रमांक सापडला की त्याच ओळीत स्थिती वाचायची. ओळ वर जाऊ दे, खाली जाऊ दे, पुढच्या पानावर जाऊ दे, सापडते. नाव वापरायचं नाही, कारण एका नावाची दोन माणसं निघतात. माझं टायपिंग चांगलं आहे, मी लिहीत गेलो, तो सांगत गेला. दोनदा मी चुकलो, तो काही बोलला नाही. मला ते जास्त लागलं.

मध्ये तो म्हणाला, "तिला माहीत होतं हे. दिवाळी झाली की बदलू म्हणायची."

"मला कधी बोलली नाही."

"दिवाळीनंतर बरंच काही ठरलं होतं," असं म्हणाला आणि पुढची ओळ सांगायला लागला. काय ठरलं होतं ते विचारलं नाही. कामाचंच असेल.

कोडातली जुनी ओळ मी पुसली. चार आणि पाच हे दोन आकडे होते तिच्यात, तिच्या हातचे. फाइलच्या वर तिचं नाव आहे. सिद्धलिंग म्हणाला, तिच्या नावाखाली तुमचं टाका. मी म्हटलं, तुझं टाक, पद्धत तुझी. तो म्हणाला, "माझं नको. घरातलंच असू दे." शेवटी माझं टाकलं.

दुपारी आई आपणहून बोलली. एवढंच म्हणाली, "केलास का फोन?" मी हो म्हटलं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी नवे खोटे पेशंट भरले. कुणाचीच खरी नावं नाहीत. मग मॅडमना फोन करून सांगितलं की जुन्या ओळी मी पुसतो, दुसऱ्या कुणाला सांगू नका. त्या म्हणाल्या, बरं.

आधी माझी ओळ पुसली. मग आईची, मग तात्यांची. प्रत्येक वेळी वेबसाइट विचारते, नोंद कायमची जाईल, खात्री आहे का. शेवटी एकच ओळ राहिली. तिच्यापुढं अजून "नाकारला" होतं. ते आधी बदलून "तयार" केलं, जतन केलं. मग पुसली. याचा काही उपयोग नव्हता, मला माहीत आहे.

डेमो झाला. सिद्धलिंगनं लॅबवाल्यांसमोर एका नव्या पेशंटची स्थिती मुद्दाम बिघडवली. टेस्ट लाल झाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लाल बघितलं. लॅबचा माणूस म्हणाला, बरोबर पकडलं. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही स्क्रिप्ट चैतालीची आहे आणि बुद्धघोष ती पुढं सांभाळणार आहेत. सिद्धलिंगचं नाव घेतलं नाही. त्यानंच घेऊ नका असं सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

मला तो अजूनही आवडत नाही. दादा म्हणतो. फोटोपुढं वाट अडवून उभा राहतो. आमच्या घरातलं त्याला माझ्याआधी माहीत असतं. पण काम येतं त्याला, हे लिहून ठेवतो.

रविवार, २ फेब्रुवारी

आई आणि तात्या सकाळच्या एसटीनं नळदुर्गला गेले. सिद्धलिंगचं घर तिकडं आहे. त्याच्या आईनं बोलावलंय म्हणे. तिची आणि आपली ओळख कुठली, असं मी म्हटलं. आईनं चैतालीच्या कपाटातून एक साडी काढून पिशवीत ठेवली, हिरवी, घडी न मोडलेली. ती साडी आमच्या घरातल्या कुणी घेतलेली नाही, एवढं मला माहीत आहे.

तात्या म्हणाले, "चल की तू पण."

"काम आहे मला."

"रविवारचं?"

"हो."

आई दाराशी थांबली. म्हणाली, "ती बाई कधीची रडती म्हणं. एकदा बसून येती तिच्याजवळ. तुला यायचं तर ये, न्हाय तर राहू दे. पर आता त्या पोराला वाईट बोलू नगंस."

मी बरं म्हटलं. बाकी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं वाटतं.

त्यांना स्टँडवर सोडून आलो. घरात कुणी नव्हतं. थोड्या वेळानं नळाला पाणी आलं. आठवड्यानं आलं होतं, म्हणून आधी मोरीतला पिंप रिकामा करून घासला. मग पाइप लावून पिंप भरला, बाहेरचं बॅरल भरलं. हंडा आणि कळशी राखेनं घासून भरून ओट्यावर ठेवली आणि झाकली. पाण्याची धार बारीक झाली तेव्हा पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला, अंगणात साचलेलं पाणी खराट्यानं गटाराकडं लोटलं.